तिसऱ्या खांबावरचा कंदील

“हात लावू नका कोनी!” केसरीनाथ ओरडले, पण तोवर फोर्कलिफ्टचा एक दात खोक्यात शिरला होता.

खोका पॅलेटवरून कलंडला आणि एका कोपऱ्याने फाटला. फटीतून निळ्या मुखपृष्ठाचा तुकडा दिसू लागला. यामिनी दोन रांगा पलीकडे स्कॅनर घेऊन उभी होती. तो निळा रंग तिने तेवढ्या अंतरावरूनही ओळखला. खाडीच्या पाण्याला भरतीच्या वेळी असा रंग येतो, असं ‘सातखाडी’ कादंबरीच्या पहिल्याच भागात लिहिलेलं होतं, आणि भिवंडीच्या खाडीला तो कधीच येत नाही यावर तिने आणि तिच्याइतक्याच पुस्तकवेड्या एजाजने एक अख्खी संध्याकाळ वाद घातला होता.

भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या त्या गोदामात पुस्तकांचा विभाग अगदी टोकाला होता. मिक्सर, बूट आणि डायपर यांच्या डोंगरांना वळसा घालून तिथे जावं लागे. त्या आठवड्यात तिथे ‘सातखाडी’चा चौथा आणि शेवटचा भाग येऊन पडत होता. प्रत्येक खोक्यावर लाल पट्टी होती: प्रकाशनाच्या दिवसापूर्वी उघडू नये. प्रकाशन पुढच्या महिन्यात होतं. कामावर येणाऱ्यांचे मोबाइल एरवीही फाटकावर जमा होत. या दिवसांत तर पाकिटंही तपासली जात होती.

केसरीनाथ त्या विभागाचे सुपरवायझर. दापोड्याचेच. गोदामाचं फाटक होतं तिथे एके काळी त्यांच्या भातशेतीचा बांध होता. नव्या माणसाला ते ही गोष्ट आवर्जून सांगत. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तशी. त्यांनी फाटलेला खोका तपासणीच्या टेबलावर आणवला आणि यामिनीला हाक मारली.

“ये पोरी. फुटलेला माल दोगांनी उघडायचा असा नियम हाय. मी आनि तू.”

पट्टी कापून होते तोच माल उतरवण्याच्या धक्क्यावरून निरोप आला की कंटेनर लागला आहे आणि ड्रायव्हर घाई करतो आहे. केसरीनाथांनी एकदा धक्क्याकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे.

“तू वाचनारी हायस. तुला काय सांगायचं? फाटलेली येगली कर, बरी येगली. मी हितंच हाय असं समज.”

ते गेले. यामिनीने एकेक प्रत हातात घेतली. चार-पाच प्रती दुमडल्या होत्या. एका प्रतीची शिवण उसवून शेवटची पानं लोंबत होती. ती पानं पूर्ण आहेत की नाहीत हे पाहणं तिचं कामच होतं. पाहायचे असतात ते पानांवरचे आकडे. पण आकडा आणि शेवटची ओळ यांच्यात बोटभरच अंतर असतं. तिने आकडा पाहिला. मग ओळ पाहिली. मग मागे जाऊन अख्खं पान वाचलं, त्याच्या आधीचं वाचलं, आणि त्याच्याही आधीचं.

वाचून होताच तिला पहिल्यांदा जाणवली ती शुद्ध खुशी. महाराष्ट्रातली हजारो मुलं ज्या एका गोष्टीसाठी जीव टाकत होती, ती आता तिच्याजवळ होती.

“झालं?” केसरीनाथ परतले.

“झालं. पाच खराब आहेत. बाकीची चांगली.”

“मंग लाव पट्टी,” ते म्हणाले, आणि तिने टेबलावरचा रोल उचलून पट्टी लावली.

‘सातखाडी’च्या वाचकांनी स्वतःला खाडीकर असं नाव घेतलं होतं. त्यांचा फोनवरचा ग्रुप कल्याणच्या मिहिर नावाच्या मुलाने काढला होता. तो इंजिनिअरिंगला होता आणि ग्रुप एखाद्या संस्थानासारखा चालवत असे. कादंबरीत एक खाडी होती, ती ओलांडून देणारी तर, म्हणजे उतारूंची होडी, होती, आणि त्या तरीवर काम करणारा तरंग होता. इरा ही नकाशे काढणाऱ्या माणसाची मुलगी रोज त्या तरीने ये-जा करायची. तीन भाग दोघं नुसती भांडत आली होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी खाडीवर पूल बांधून होतो आणि तर बंद पडणार असं ठरतं. आता इरा आणि तरंग यांचं काय होणार, या प्रश्नावर खाडीकरांचे दोन तट पडले होते. दोघांना एकत्र पाहू इच्छिणारे ‘इरंग’वाले, आणि इराने शहरात जाऊन नकाशे शिकावेत, तरंगने तिच्या पायात येऊ नये, असं म्हणणारे दुसरे. यात मैत्र्या तुटत, जुळत. नव्या भागातलं काही आधी फोडणाऱ्याला मिहिरने एक शिक्षा ठरवली होती: खाडीपार. म्हणजे ग्रुपमधून कायमची हकालपट्टी.

“मी तर जन्मापासून खाडीपारच आहे,” एजाजने तेव्हा लिहिलं होतं. त्याचं घर भिवंडीच्या खाडीपार भागातच होतं. त्या एका ओळीवर ग्रुप दिवसभर हसत राहिला.

यामिनीची आणि त्याची ओळख त्याही आधीची. गावातल्या वाचनालयात ‘सातखाडी’च्या दुसऱ्या भागाची एकच प्रत होती आणि ती नेहमी कुणीतरी नेलेली असायची. ग्रंथपालबाईंनी एकदा वैतागून सांगितलं, “तुम्ही दोघंच आलटून पालटून नेताय ते. आपापसात ठरवून घ्या ना.” पुढच्या वेळी यामिनीला पुस्तकात एक खूण सापडली. मागावरच्या कोऱ्या कापडाची कापून टाकलेली किनार, बोटभर रुंद, टोकाला गाठ मारलेली. कागदाच्या खुणेसारखी ती सरकत नव्हती. यामिनीने ती ठेवून घेतली आणि तिच्या जागी बसचं तिकीट ठेवलं. त्यानंतर पुस्तकातून बऱ्याच गोष्टी गेल्या-आल्या. शेवटी एका तिकिटावर फोन नंबर गेला.

एजाज आपल्या मामांच्या, कासमशेठच्या, यंत्रमागाच्या कारखान्यात काम करायचा. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. लूम शुक्रवारी बंद असत, आणि शुक्रवारी तो फोनवर लिहीत बसे: ‘सातखाडी’ची स्वतःची, पुढची गोष्ट. दर शुक्रवारी एक भाग ग्रुपवर पडे. खाडीकर आधी त्याची थट्टा करत. मिहिरने तर एकदा लिहिलं, “लूमवाले लेखक, आजचा तागा किती मीटरचा?” पण थट्टा करणारेच पुढच्या शुक्रवारी सकाळपासून विचारू लागत, ‘आला का भाग?’

यामिनीची सुट्टी मंगळवारी. दोघांच्या सुट्ट्या कधी एका दिवशी येत नसत. म्हणून मंगळवारी दुपारी ती कारखान्यात जायची. आईला वाचनालयात जाते असं सांगून, आणि ते अगदीच खोटं नको म्हणून वाटेत खरंच वाचनालयात डोकावून. कासमशेठ तिला बसायला सुताच्या कांड्यांचं रिकामं खोकं पुढे करत आणि ओरडून विचारत, “क्या बेटी, तुमच्या त्या इराचं लग्न झालं काय?” लूमच्या खडखडाटात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. प्रेमात पडू पाहणाऱ्या माणसांना जवळ येण्यासाठी एरवी जे निमित्त शोधावं लागतं, ते इथे यंत्रांनीच देऊन ठेवलं होतं. एजाज तिच्या कानाशी वाकून बोलायचा आणि ती मान हलवायची. यातलं निम्मं तिला ऐकू येत नसे. पण ‘काय?’ असं सारखं विचारलं तर तो कंटाळेल, अशी तिला उगाचच भीती वाटे. म्हणून ती मान हलवायची.

खोका फुटला त्याच्या पुढच्या मंगळवारी एजाज तिची वाटच पाहत होता.

“शेवट झाला लिहून. प्रकाशनाच्या आधी टाकायचाय. माझा शेवट पहिला, त्यांचा नंतर.” तो हसला. “टाकायच्या आधी तू ऐक.”

त्याने फोन उघडला आणि तिच्या कानाशी वाचू लागला. त्याच्या शेवटात पूल सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तर सुटते. तरीवर इरा एकटीच असते. खाडीच्या मध्यावर दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोलेल असं वाटत राहतं, पण कुणी बोलत नाही. काठ येतो. रोज तरंग दोर बांधतो. आज इरा त्याच्या हातून दोर घेते आणि स्वतः खुंट्याला बांधते. तिला गाठ मारता येत नाही. गाठ सैल बसते. तरंगला ते दिसतं, पण तो ती घट्ट करत नाही.

त्यानंतर एक वाक्य होतं. पलीकडच्या लूमचा धोटा जरा जास्तच आपटत होता. यामिनीने मान हलवली.

“कसा वाटला?”

त्याच्या चेहऱ्याकडे पाहताना तिला ग्रुप दिसत होता, मिहिरचा तागा दिसत होता. आणि तिच्याजवळ ती तीन पानं होती. पुढच्या महिन्यात पुस्तक येईल आणि एजाजचा शेवट चुकलेला ठरेल. मुलं म्हणतील, लूमवाल्याला नाही जमलं. एक बारीकसा धक्का पुरेसा होता. आपण त्याला काही देतो आहोत असंच तिला वाटलं.

“छान आहे,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “पण थोडा साधा वाटतो.”

“साधा?”

“म्हणजे... पूल झालाय ना? मग पूल वापर की. समज, ती पुलावरनं जाते. पहिल्या बसने. तो निरोप द्यायला येतच नाही. आणि मध्यावर तिला खिडकीतनं दिसतं, तिसऱ्या खांबाला तरीचा कंदील बांधलाय. दिवसाढवळ्या पेटवलेला.”

एजाज तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू जे उजळत गेलं ते पाहून तिला इतका आनंद झाला की पुढे कितीतरी दिवस तो आनंद आठवला की तिला तोंड लपवावंसं वाटे.

“कुठून सुचलं तुला हे?”

“असंच,” ती म्हणाली.

त्याने तिच्यासमोरच जुना मजकूर पुसला आणि त्याच जागी नवा लिहायला घेतला.

शुक्रवारी तो शेवट ग्रुपवर पडला. दोन्ही तट पहिल्यांदाच एका सुरात बोलले. कुणी कंदिलाचं चित्र काढून पाठवलं, कुणी रडून घेतलं. मिहिरने लिहिलं, “मागचे सगळे तागे माफ. एजाजभाई, सलाम.” एजाजने ती ओळ यामिनीला पाठवली आणि खाली लिहिलं: ‘हे अर्धं तुझं आहे.’ ती दापोड्याच्या फाटकावर मोबाइल परत घेऊन उभी होती. केसरीनाथांनी विचारलं, “काय ग, येवढी का हसतेस?” तिने मान हलवली आणि रिक्षात जाऊन बसली. अंजूरफाट्यापर्यंत तिने तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. ‘अर्धं’ या शब्दापाशी ती दर वेळी अडखळत होती.

प्रकाशनाच्या दिवशी ठाण्याच्या दुकानाबाहेर खाडीकर सकाळपासून उभे होते. काहींनी निळे कपडे घातले होते. एजाजने किनारीच्या खुणांची एक पिशवी भरून नेली होती आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक वाटत होता. यामिनी कामावर होती. तिला सुट्टी मागता आली असती. तिने मागितली नाही.

दुपारपर्यंत पहिली मुलं शेवटाला पोहोचली. आधी नुसतं आश्चर्य. ‘एजाजने ओळखलं! शब्दाला शब्द!’ मग कुणीतरी एजाजची ओळ आणि छापील पान शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकला. पूल, पहिली बस, कंदील, भर दिवस. आणि तिसरा खांब. 

मग मिहिरने लिहिलं: “खाडीकरांनो, ही पुस्तकं कुठल्या गोदामात असतात माहितीये का? भिवंडीच्या. आणि आपले लेखकमहाशय राहतात कुठे?”

यामिनी कुठे काम करते हे ग्रुपवर एजाजखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. तिने ते कधी सांगितलं नव्हतं आणि एजाजनेही नाही. त्यामुळे तिच्या नावाचा प्रश्नच आला नाही. जे आलं ते सगळं एकट्या एजाजच्या वाट्याला. चोर. पुस्तकाचा शत्रू. लेखिकेच्या पोटावर पाय देणारा. एकाने त्याने दिलेली खूण कात्रीने कापतानाचा व्हिडिओ टाकला. एजाजने एकदाच उत्तर दिलं: “मी पुस्तक पाहिलं नव्हतं. मला सुचलं ते मी लिहिलं. कुणी मला काही दिलेलं नाही.” त्यानंतर थोड्याच वेळात एक ओळ दिसली: एजाजला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं आहे. खाली कुणीतरी हसरा चेहरा लावून लिहिलं होतं, खाडीपारवाला खाडीपार.

संध्याकाळी फाटकावर मोबाइल मिळताच यामिनीने हे सगळं वाचलं आणि लिहायला घेतलं, ‘त्याची चूक नाही’. मग ते पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. रात्री आई सरलाताईंनी विचारलं, “डोकं दुखतंय का ग?” तेव्हा ती हो म्हणाली आणि बाम लावून घेतला. दुखत नसलेल्या कपाळावर आईची बोटं फिरत होती, आणि आणखी एक खोटं आपल्या नावावर लागलं असं तिला वाटत राहिलं.

तीन-चार दिवसांनी प्रकाशनसंस्थेचा माणूस गोदामात आला. फुटलेल्या खोक्याची नोंद होतीच. मॅनेजरच्या केबिनमध्ये केसरीनाथांना आणि यामिनीला बोलावलं गेलं.

“हा खोका उघडला तेव्हा दोघं हजर होतात?” मॅनेजरने विचारलं.

यामिनीने तोंड उघडण्याआधी केसरीनाथ बोलले, “होतो ना साहेब. मी हितंच होतो. पोरीनं आकडं बघितलं, पट्टी लावली. वाचाया टाइम कुठं व्हता?”

बाहेर आल्यावर ते पाण्याच्या पिंपापाशी थांबले. यामिनी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

“काका, मी वाचलं होतं.”

त्यांनी ग्लास अर्धा पिऊन खाली ठेवला. “म्हायती हाय.”

“कसं?”

“पट्टी वाकडी लावलेलीस. तुझी पट्टी कंदी वाकडी नसते.” त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. “आता गप र्‍हा. मी सांगितलं ते सांगितलं.”

“पण तुम्ही खोटं बोललात माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी कशाला? मी जाग्यावर नव्हतो, माझ्यासाठी बी बोललो.”

ही समजूत तिला पुरायला हवी होती. दोन दिवस तिने ती पुरवून पाहिली. तिसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली आणि आपण शेवट वाचला, एका माणसाला सांगितला, त्या माणसाला तो पुस्तकातला आहे हे माहीत नव्हतं, एवढं सरळ सांगून टाकलं. मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “मग सुपरवायझर तेव्हा कुठे होता?”

हा प्रश्न येईल हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. खरं बोलण्याची इतकी मोठी तयारी तिने केली होती की त्या खऱ्याच्या वाटेत कोण उभं आहे हे पाहायचं राहून गेलं. ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं हेच उत्तर ठरलं.

तिला बुटांच्या परत आलेल्या मालावर टाकलं. केसरीनाथांची सुपरवायझरी गेली; त्यांना फाटकावर बसवलं, मोबाइल जमा करून घ्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. त्यांनी टोकन दिलं.

“काका, मला...”

“अगं, बांधावरच आलो परत,” ते म्हणाले. त्यांना ते हसत म्हणायचं होतं, पण मागच्या माणसाने मोबाइल पुढे केला आणि ते त्याच्याकडे वळले.

मंगळवार आला. प्रकाशनानंतर ती कारखान्यात गेली नव्हती, आणि एजाजनेही बोलावलं नव्हतं. त्याचा एकच मजकूर येऊन पडला होता: ‘तुझ्या नोकरीला काही नाही ना?’ तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं.

त्या दिवशी ती वाचनालयात न डोकावता सरळ कारखान्यात गेली. आईला म्हणाली, “एजाजकडे जाते. मित्र आहे माझा.” सरलाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, काही विचारायला ओठ उघडले आणि पुन्हा भाजीकडे पाहू लागल्या.

सगळे लूम चालू होते. एजाज मागच्या रांगेत, पाठमोरा. ती त्याच्याजवळ गेली. त्याने तिला पाहिलं आणि सवयीने कान पुढे केला. त्या कानापाशी जाऊन बोलणं तिला जमेना. ज्या जागेवरून तिने ‘असंच’ म्हटलं होतं, तीच ती जागा. ती एक पाऊल मागे सरली आणि समोरून, मोठ्याने बोलू लागली.

“मी तुला काहीतरी सांगायला आलेय!”

“काय?”

“ते मला सुचलं नव्हतं! कंदिलाचं! मी वाचलं होतं!”

त्याने ऐकू येत नसल्यासारखी मान हलवली. तिने अंगातला सगळा आवाज गोळा केला.

“एजाज, तुझा शेवट मी चोरला!”

‘मी’ म्हणेपर्यंत लाईट गेली होती.

लूम एकदम थांबले. कारखान्यातले, शेजारचे, रस्त्यापलीकडचे, अख्ख्या मोहल्ल्यातले. त्या अचानक पसरलेल्या शांततेत ‘चोरला’ हा एकच शब्द पत्र्यापर्यंत जाऊन खाली आला. कारागीर जागच्या जागी वळून बघू लागले. कासमशेठ दारातून घाईने आत आले.

“क्या चोरी हुआ? काय गेलं?”

“कुछ नहीं मामू,” एजाज म्हणाला. “किताब की बात है.”

“किताब?” कासमशेठनी सुस्कारा सोडला. “मला वाटलं सूत गेलं.” कुणीतरी हसलं. कारागीर विड्या घेऊन बाहेर सावलीला गेले, आणि त्यांच्यामागे कासमशेठही, जाताना कांड्यांचं खोकं पायाने तिच्याकडे सरकवून.

ती बसली नाही.

“मला माहीत होतं,” एजाज म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो या जागेत तिच्याशी कधीच बोलला नव्हता. “पुस्तक हातात आलं त्याच दिवशी. दुकानाबाहेरच वाचलं. खांब कुणालाही सुचेल. तिसरा कसा सुचेल? अंदाज करणारा माणूस खांब मोजत नाही.”

“मग तू ग्रुपवर का म्हणालास, कुणी दिलं नाही म्हणून?”

“मग काय म्हणू? तुझं नाव घेऊ?”

“घ्यायचं होतंस.”

“घेतलं नाही. झालं.”

तो लूमच्या दांड्यावर टेकला. त्याच्या केसांत कापसाचं बारीक पुंजकं अडकलं होतं. एरवी तिने ते काढलं असतं.

“मला वाटलं तुझं नाव होईल,” ती म्हणाली. “मिहिर वगैरे सगळे...”

“झालं की नाव.”

ती खाली पाहू लागली.

“चोर म्हणतात त्याचं जाऊ दे,” तो म्हणाला. “ते महिनाभरात विसरतील. पण तू म्हणालीस, साधा आहे. मी आठवून आठवून बघतो, त्यात साधं काय होतं. इथे दिवसभर मी काय करतो? सुताचा तार तुटला की गाठ मारतो. चांगली गाठ कशी असते ते मला माहीतेय, म्हणून सैल गाठ मला लिहिता आली. ते माझं होतं, यामिनी. आणि मी ते तुझ्यासमोर पुसलं, आणि तू बघत होतीस.”

बाहेर कुणीतरी कासमशेठना विचारत होतं, लाईट कधी येणार.

“मला आठवतोय तो,” ती म्हणाली. “मी सांगू?”

 तिने सांगायला सुरुवात केली. शेवटची तर. खाडीचा मध्य. कुणी काही बोलत नाही. काठ. ती दोर मागते, “...आणि खांबाला बांधते.”

“खुंट्याला,” तो म्हणाला.

“खुंट्याला. गाठ सैल बसते. त्याला दिसतं. तो घट्ट करत नाही.” ती थांबली. “त्यानंतर एक वाक्य होतं.”

“हो.”

“ते मला ऐकू आलं नव्हतं. लूम चालू होते. मी नुसतीच मान हलवली. मी नेहमीच तसं करते. निम्मं मला कधी ऐकूच आलेलं नाही इथे.”

एजाजने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. न ऐकताच आपल्या गोष्टीवर निकाल दिला गेला होता हे उमगलेल्या माणसाचा थकवा तेवढा होता.

“एकच वाक्य होतं,” तो म्हणाला. “त्याच्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलं होतं.”

“आता सांग. मी ऐकते.”

तो बराच वेळ पायाखालच्या कापसाकडे पाहत राहिला. ते वाक्य त्याच्याकडे अजून उरलं आहे का, हे तोच शोधत असावा. मग त्याने मान वर केली आणि ओठ उघडले.

लाईट आली. दारातून कारागीर धावत आले, खटके पडले आणि सगळे लूम एकाच वेळी अंगात आल्यासारखे सुटले. त्या खडखडाटात एजाजचे ओठ हलताना तिला दिसले. वाक्य लांब नव्हतं. ते बोलून होताच तो थांबला आणि सवयीप्रमाणे तिच्या मानेकडे पाहू लागला.

यामिनीच्या मानेने हलायचं ठरवलंच होतं. तिने ती आवरली. मग हळूच डावीकडून उजवीकडे हलवली: ऐकू आलं नाही.

एजाज क्षणभर तसाच उभा होता. शेजारच्या लूमवर दोन तार तुटले होते आणि कापडात त्यांची रेघ उमटत चालली होती. कासमशेठ दुरून हात करून ते दाखवत होते. तो वळला, लूम बंद केला आणि वाकला. त्याच्या बोटांनी तुटलेली टोकं शोधून काढली, गाठ मारली, ओढून पाहिली. मग दुसरी.

यामिनी कांड्यांच्या खोक्यावर बसली आणि त्याचं काम संपायची वाट पाहू लागली.